अकरा पोरांची शाळा आणि गयाबाईच्या शेळ्या

लातूरच्या स्टँडवर मी उलट्या दिशेच्या बसमध्ये चढले, आणि तेही मुद्दाम. जायचं होतं नांदेड जिल्ह्यात कंधारला, बसले रेणापूरच्या गाडीत. सोडायला आलेला माझा मुलगा खिडकीखाली उभा राहून ओरडत होता, "आई, ही नव्हे! ती पलीकडची!" मी गोड हसले. बाहत्तराव्या वर्षी बाईला कमी ऐकू येतं असं सगळे धरूनच चालतात. या वयाचा एवढा फायदा तर घ्यायलाच हवा.

कंधारला बोलावलं होतं मीरानं. ही माझी जुनी विद्यार्थिनी. मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत होणाऱ्या शिक्षकांना शिकवायचे, तेव्हाची. आता ती कंधारजवळच्या माळवस्तीवर चौथीपर्यंतची एकशिक्षकी शाळा चालवते. दिवाळीची सुट्टी संपली त्याच आठवड्यात तिचा फोन आला.

"मॅडम, पटावर अकरा मुलं आहेत. सोमवारी ट्रक येतोय. सहा मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला चालली. मागं उरतील पाच. पाच पोरांची शाळा कोण चालू ठेवील? नाल्यापलीकडच्या शाळेत मिसळून टाकतील. पावसाळ्यात पहिलीचं लेकरू नाला कसं ओलांडणार?"

"मग गावाशी बोल," मी म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणेन.

"बोलले की. तुम्हीच शिकवलं होतं ना, गावाला सोबत घ्या म्हणून? आता या आणि घ्या."

फोन ठेवला. चहा केला, प्यायचा राहिला. पोथी उघडली, तर एकच ओळ चारदा वाचली. गावाला सोबत कसं घ्यायचं यावर मी शेकडो मास्तरांना बोधामृत पाजलं. पण माझ्या पहिल्या शाळेत मी काय दिवे लावले होते, ते एकालाही सांगितलं नव्हतं. ती शाळा रेणापूरपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात. कंधारला शहाणपण शिकवायला जाण्याआधी तिथं एकदा तोंड दाखवून यावं, असं मनानं घेतलं.

तेवीस वर्षांची मी कशी होते, तर खळ दिलेली वॉयलची साडी, काळा चष्मा, खांद्याला पर्स आणि डोक्यात पुणं. रुजू झाले त्या दिवशी शाळेच्या अंगणात कुणाची तूर वाळत पडली होती, एका कोपऱ्यात वासरू बांधलेलं होतं आणि व्हरांड्यात दोन म्हातारे सुपारी कातरत बसले होते. मला वाटलं, अरेरे, काय ही विद्येच्या मंदिराची विटंबना! पहिल्याच महिन्यात मी फाटक बसवून घेतलं आणि त्याला हे एवढं थोरलं कुलूप घातलं. किल्ली पर्समध्ये. गावात कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. पुढं वळवाच्या वाऱ्यात छपराचे चार पत्रे उडाले, तेव्हा मी आठ दिवस उघड्या आभाळाखाली पाढे म्हणवून घेत होते आणि सगळा गाव रस्त्यावरून बघत होता. सरपंचाकडं गेले तर ते अतिशय अदबीनं म्हणाले, "आमी कसं यावं बाई? शाळा तुमची हाय. किल्ली तुमच्यापाशी."

तर रेणापूरहून रिक्षा करून गेले. फाटक तेच, गंजलेलं, एका बिजागरीवर लोंबकळणारं. अंगणभर सोयाबीन वाळत घातलेलं. तीन बाया खडे निवडत होत्या आणि तिसरी-चौथीची पोरं त्यांच्या भोवती बसून सुपानं मापून बेरजा करत होती. मास्तर खडू घेऊन बायांच्या मधोमध उकिडवे. व्हरांड्यात पन्नाशी ओलांडलेला एक गृहस्थ बसला होता, शाळा समितीचा अध्यक्ष. त्यानं मला खालून वर न्याहाळलं.

"तुमी कुलूपवाल्या बाई न्हाई का?"

एवढ्या वर्षांनी माझी गावात काय कीर्ती शिल्लक होती, ते कळलं. म्हटलं, "हो, मीच ती."

"मी दत्तू. तुमी मला फाटकावर चढलो म्हणून उनात हुबं केलतं."

"आता किल्ली कुणाकडं असते रे?"

"किल्ली हारवली, लई वर्सं झाली. कुणी नवी केलीच न्हाई." आणि त्यानं चहा सांगितला.

चहा गोडमिट्ट होता. मी बसू शकले नाही. दुपारच्या गाडीनं लातूरला परत येऊन, मुलाला न कळवता, स्टँडवरूनच अहमदपूरची बस धरली.

अहमदपूरला गाडी बदलायची होती. स्टँडसमोरच्या टपरीवर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, शेंगदाणे-मिरची घातलेला उपमा) खाल्ला. प्लेट संपायच्या आत कंधारची गाडी लागली, मी पळाले आणि पळता पळता चपलेचा अंगठा तुटला. एक चप्पल पायात, एक हातात, अशी मी कंधारपर्यंत उभी गेले. कंडक्टर म्हणाला, "बसा की आजी, जागा हाय." म्हटलं, "बसले की जास्त हादरे बसतात." खरं असं होतं की उभी राहिल्यावर गाडी जरा भरभर चाललीय असं वाटत होतं. खिडकीतून तोडणी झालेली सोयाबीनची रानं, मधूनच कापसाचा पांढरा पट्टा, हिरव्या तुरी. एका फाट्यावर एक ट्रक उभा होता: पत्र्याच्या पेट्या, चुलीची लाकडं, कोंबड्यांची डालगी, आणि त्या सामानावर बसलेली माणसं. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला होता. मी मान वळवून वळवून त्यात पोरं किती ते मोजत राहिले.

संध्याकाळी कंधारला मीरा स्कूटर घेऊन उभी होती. किल्ला अंधारायच्या आत बघायचा का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "किल्ला कुठं पळून जात नाही. पोरं पळून चाललीत." तिनं मला घरी नेलं आणि धपाटे-दही वाढलं. ते मात्र मी बसून खाल्लं.

शनिवारी सकाळी आम्ही माळवस्तीला निघालो. डांबर संपलं, मग खडी संपली, मग नाला आला. मीरा म्हणाली, "घट्ट धरून बसा, मी काढते गाडी." मी म्हटलं, "तू काढ, मी चालत येते. या पाण्यातून सहा वर्षांचं पोर जाईल का ते मला बघायचंय." बघितलं. दुसऱ्याच पावलाला शेवाळावरून घसरून गुडघ्यापर्यंत चिखलात बसले. सहा वर्षांचं पोर जाणार नाही, हे सिद्ध झालं.

शाळा माळाच्या उंचवट्यावर. एक खोली, एक व्हरांडा, एक लिंब. मीरानं एक छान पद्धत बसवली आहे: दर शनिवारी वस्तीतलं कुणीतरी गुरुजी. मागच्या शनिवारी गवंडी येऊन ओळंबा धरून भिंती तपासून गेला होता. शाळेची पश्चिमेची भिंत वाकडी निघाली, तेव्हा त्यानंच सिमेंट आणून ती सरळ केली. आज पाळी गयाबाईची होती. गयाबाई म्हणजे माझ्या वयाच्या आगेमागे, सुतळीसारखी काटक म्हातारी. तिनं व्हरांड्यात एक काळी शेळी आणून उभी केली होती आणि तिचा जबडा उघडून पोरांना दाखवत होती.

"हे दोन मोठाले दात. मंग किती वर्साची?"

"दीड!" पोरं ओरडली.

चिखलाच्या साडीतली मी दिसताच ती माझ्याकडं वळली. "बरं, या बाई. सांगा बरं, हिचे वरले म्होरले दात किती?"

मी मास्तरणीला शोभेल असा विचार केला आणि म्हटलं, "खाली आठ होतात ना? मग वरही आठ."

व्हरांडा हसून लोळला. चौथीतली एक पोरगी पुढं आली. तिनं शेळीचा वरचा ओठ उचलला आणि मला समजावून सांगितलं, "शेळीला वरी म्होरले दातच नसतेत, आजी. नुसती हिरडी असती."

ही राणी. गयाबाईची नात. तरतरीत डोळे, गणित सगळ्यांच्या आधी. तिच्या कमरेवर एक वर्षाच्या आतला भाऊ होता. त्याला ती या कमरेवरून त्या कमरेवर घेत होती आणि मोकळ्या हातानं पाटीवर लिहीत होती. मी मनात नोंद केली: पोरगी हुशार आहे, हिला काही झालं तरी ठेवून घ्यायचं. बाळाची मी काहीच नोंद केली नाही. ते तर डोळ्यांसमोर होतं.

मीरानं बाजूला घेऊन सांगितलं, "सगळं हिच्यावरच अडलंय मॅडम. हिचा बाप बालाजी म्हणजे या टोळीतला शहाणा माणूस. बाकीचे म्हणतात, बालाजीची राणी राहिली तर आमची पोरं पण राहतील. ती गेली तर सगळी जाणार."

दुपारी तीन वाजता लिंबाखाली सभा बोलावली. त्याआधीच्या तीन तासांत मी काय केलं ते आता ऐका. वस्तीत दारोदार फिरले. कुणाचं घर पक्कं, कुणाकडं लाईट, कुणाकडं संडास, कुणाकडं अभ्यासाला जागा, सगळं टिपलं. मग मोठ्या कागदावर यादी केली: मूल, त्याच्यासमोर घर. चार महिने कोण कुठं राहणार, सगळं चोख. राणीच्या नावासमोर मी वस्तीतलं सगळ्यात चांगलं घर लिहिलं. माधवराव पाटलांचं, स्लॅबचं, वेगळी खोली असलेलं. तिची आजी इथंच राहते, हे मला ठाऊक होतं. पण म्हाताऱ्या बाईच्यानं पोरगी कशी सांभाळवेल, असं मीच ठरवून टाकलं. बाहत्तर वर्षांची मी!

सभेत यादी मोठ्यानं वाचली. माझा आवाज अजून खणखणीत आहे. वाचून झाल्यावर शांतता पसरली. मला ती शांतता ओळखीची वाटली, पण कुठली ते चटकन आठवेना. माधवरावांची बायको म्हणाली, "हाव, ठेवू की. आमचं काय जातंय." माणसं एकेक करून उठली. शेळ्या बांधायच्यात, पीठ दळायचंय, मुकादम (टोळी नेणारा) यायचाय. राणीची आई संगीता मात्र उभी राहिली. बाळ अंगावर पीत होतं.

"बाई, एक इचारू? मोठ्या घरात पोरगी ठेवायची म्हणता. पैल्या दिवशी पुस्तक धरील. दुसऱ्या दिवशी कुणी म्हणंल, राणे, जरा खराटा मार. त्यायचं मन वाईट न्हाई, माधवराव चांगलाच माणूस हाय. पर सवय असती. मंग तिनं न्हाई कसं म्हणावं, चार म्हैने त्यायचं खाऊन?"

मी म्हटलं, "तसं होऊ देणार नाही आपण..."

"आपण म्हंजी कोण? तुमी तर मंगळवारी लातूरला."

मागून गयाबाईचा आवाज आला, "अन् मी मेले का? मला न इचारता माझ्या नातीचं घर लिवलं कागदावर!"

तिघी निघून गेल्या: पुढं गयाबाई, मागं संगीता, सगळ्यात शेवटी मागं वळून वळून बघणारी राणी. बालाजी लिंबाखाली क्षणभर थांबला. "राहू द्या बाई. लई तरास घेतला तुमी," असं अगदी नम्रपणे म्हणाला आणि गेला. अर्ध्या तासात निरोप आला, सहाच्या सहा पोरं जाणार.

मीरा वर्गात शिरली. तिनं फळा पुसला. पुसलेलाच होता, तरी पुसला.

माझी राहायची सोय मुक्ताबाईकडं होती. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, गयाबाईच्या घराला लागून. ती भाकरी थापत होती आणि मी चुलीपुढं यादीची घडी घालून उलगडत बसले होते. हे कुलूप मी परत कुठून आणलं, याचा विचार करत होते. तेवीसच्या वयात लोकांना आपल्या दारातून बाहेर ठेवलं, आणि आता लोकांच्या दारात त्यांना न विचारता आत शिरले. मध्ये काय शिकले, तर शेळीला वर दात नसतात एवढं, तेही आज सकाळी.

"बाई, भाकर खावा," मुक्ताबाई म्हणाली. "कागद खाऊन पोट भरंना."

"चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. पर तुमी इचारलंच न्हाई."

"काय?"

"की राणी अवंदा फडावर कशाला पायजे म्हणून." फड म्हणजे ऊस तोडायचं रान. "आता हे बारकं झालंय. आई दिवस उगायच्या आधी ऊसात शिरती. लेकरू बांधाला पाचटावर (उसाच्या वाळल्या पाल्यावर) टाकायचं. कुणीतरी पाशी पायजे का न्हाई? मागं एकाचं लेकरू पाचटात झोपलं होतं, टॅक्टर मागं घेताना दिसलंच न्हाई. वाचलं, पर पाय गेला. संगीता त्या टोळीतच होती. तिला तुमी स्लॅबचं घर दावलं काय, न् राजवाडा दावला काय."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. सकाळपासून ते बाळ माझ्यासमोर या कमरेवरून त्या कमरेवर चाललं होतं.

रविवारी उजाडताच मी गयाबाईच्या दारात जाऊन उभी राहिले. ती शेळ्यांना पाला टाकत होती.

"माफी मागायला आलेय."

"मागा."

"मागितली."

"बरं. आता त्या बाजूची पेंडी द्या हिकडं." एवढं बोलून तिनं मला कामाला लावलं. दिवसभर मी तिच्या अंगणात होते. बसायला पोतं दिलं होतं, पण बूड टेकत नव्हतं. दाराशी जाऊन मुकादम येतोय का बघायची, परत यायची, पेंडी उचलायची, ठेवायची. संगीता पेटी भरत होती. राणीनं दप्तर पेटीत घातलं, काढलं, परत घातलं. तिला काय वाटतंय हे कुणी विचारलं नाही. मीही नाही; तिच्यासाठी एकदा न विचारताच ठरवून झालं होतं.

दुपारी मुक्ताबाईच्या अंगणात माणसं जमली. जाणाऱ्या घरांच्या शेळ्या मागं राहणाऱ्यांकडं अर्धलीनं द्यायच्या होत्या. अर्धल म्हणजे शेळी तुमची, सांभाळ माझा, होतील ती पिल्लं निम्मी-निम्मी. कागद नसतो. चार माणसांसमोर शेळीचा रंग आणि दात मोठ्यानं सांगायचे, दावं (गळ्यातली दोरी) त्याच्या हातात द्यायचं, झालं. कुणी कुणाकडं द्यायची हे ठरून गेलेलं, बापापासूनचं. कुणाचं दावं पलीकडच्या घरात, कुणाचं मुक्ताबाईकडं. माझ्या यादीतलं एकही घर त्यात जुळत नव्हतं. गयाबाई मात्र दरवर्षी मागंच राहायची, तिच्या तीन शेळ्या तिच्याच अंगणात. म्हणून ती नुसती साक्षीला बसली होती.

सगळ्यांची दावी देऊन झाली. मुकादमाचा फोन आला, ट्रक सकाळी सात वाजता. माणसं उठायला लागली. तेवढ्यात गयाबाई उठली, आपल्या अंगणात गेली आणि तीन दावी हातात धरून परत आली. मागं तीन शेळ्या.

"ही काळी, दोन दाती. ही बांडी, चार दाती, गाभण हाय. ही म्हातारी, दात पडले, पर दूध देती." आणि तिन्ही दावी मुक्ताबाईच्या हातात दिली.

कुणालाच काही कळेना. दावं दिलं म्हणजे माणूस गाव सोडून चाललं. बालाजी पुढं आला. "माय, हे काय?"

"काय म्हंजी? मी येते फडावर. बारक्याला मी धरते."

"तुला हुतंय का? कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहायचं, थंडी लई..."

"मंग बारकं काय आगगाडीत राहातंय का? मला बसूनच राहायचंय. हितं बसले काय, न् तिथं बसले काय."

संगीता म्हणाली, "आत्याबाई, तुमचे गुडघे..."

"गुडघ्यानं लेकरू धरत न्हाईत, माय. हातानं धरत्यात." मग तिनं राणीचा दंड धरून तिलाही मुक्ताबाईकडं ढकललं. "जिथं माझं दावं, तिथं माझी नात. घे."

मुक्ताबाई डोळे पुसत होती, पण तोंड गप्प बसतंय का? "शेळीची निम्मी पिल्लं माझी. हिचं निम्मं काय मला?"

"हिचं काय बी मिळायचं न्हाई. फार तर तुला सही शिकवील. लई झालं तुला."

मग हसणं झालं, आणि हसता हसता बाकीच्या आयांची आपसात कुजबुज सुरू झाली. ज्याच्याकडं आपली शेळी, त्याच्याकडं आपलं लेकरू. त्या घरी खाल्लं तर मिंधेपणा नाही, आपली शेळी त्यांच्या दारात दूध देत असते. लगेच सगळे तयार झाले असं नाही. एका बापानं साफ नाही म्हटलं, आणि मग दिवस मावळायच्या आत हो म्हणून आला. एक आई राहून राहून रडत होती. मी तोंड मिटून उभी होते. असं मी क्वचितच करते; मीराला ठाऊक आहे.

सोमवारी सात वाजता ट्रक आला. पेट्या चढल्या, भांडी चढली. पहिलीतला एक पोरगा कालपर्यंत राहतो म्हणत होता. त्यानं आई वर चढलेली पाहिली आणि असा टाहो फोडला की बापानं खाली वाकून त्याला उचलून घेतलं. सहा वर्षांचं ते, चार महिने कसं राहील? अकरातला एक गेला.

गयाबाईला चढवायला तिघं लागले. चाकावर पाय, फळीवर हात, मागून बालाजीचा खांदा. वर पोचल्यावर तिनं पदर नीट केला, बाळ मांडीत घेतलं आणि मला हाक मारली.

"ओ बाई! तुमचा तो कागद हाय का?"

"आहे."

"द्या हिकडं. वाटंत चहाला चूल पेटवाया हुईल."

मी पिशवीतून यादी काढून दिली. तिनं ती चोळीत खोचली आणि राणीकडं बोट केलं. "रडू नगं. बांडी याली की फोनवर सांग, दोन झाली का एक." राणी रडत नव्हती. तिनं मुक्ताबाईचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. ट्रक नाल्यात उतरला, वर चढला आणि धुळीत गेला.

मीरानं लगेच घंटा दिली. हजेरी घेतली. दहा मुलं. दहाव्या नावाला राणीचं ‘हजर’ जरा उशिरा आलं, पण आलं. व्हरांड्याच्या खांबाला तीन शेळ्या बांधलेल्या होत्या. मुक्ताबाई रानात गेली की त्यांनाही शाळेतच यायचं, असं ठरलं. "या वर्षापुरतं तरी झालं," मीरा म्हणाली. पुढच्या वर्षाचं तिनं काढलं नाही, मीही नाही.

परतताना नांदेडमार्गे आले. भाचीचं घर विष्णुपुरीला, धरणाजवळ. तिनं दोन दिवस ठेवून घेतलं आणि पाणी बघायला नेलं. गोदावरी तुडुंब. काठानं ऊस, डोक्याच्या वर गेलेला, हिरवागार. भाची म्हणाली, "किती शांत वाटतं ना इथं?" मला तो ऊस बघवेना. त्याच्यात शिरलं की आतलं माणूस बाहेरून दिसत नाही, हे मला आता ठाऊक होतं.

लातूरला पोचले. मुलानं विचारलं, "सुटला का प्रश्न?" म्हटलं, "सुटला." मग स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे पुसत बसले. आमच्या प्रशिक्षणाच्या कागदांत ‘लोकसहभाग’ असा एक रकाना असायचा. त्यात गावानं शाळेला काय दिलं ते लिहायचं: रंग, पंखा, पाण्याची टाकी. मी तो रकाना हौसेनं भरून घ्यायचे. एका म्हातारीनं आपली हिवाळ्याची ऊब दिली, आपलं अंगण दिलं, आपल्या शेळ्या दिल्या, हे त्यात कुठं बसवायचं? आणि ते घ्यायला मी नेमकी तिथं हजर होते. तिनं बदल्यात काही मागितलं नव्हतं, मीही काही दिलं नव्हतं. मला फार समाधान वाटायला हवं होतं. मीराचा फोन आला की वाटतंही. राणी नऊचा पाढा उलटा म्हणते, पोरगी मुक्ताबाईला अक्षरं गिरवायला लावते. आणि फोन ठेवला की परत सुरू होतं. गयाबाईचं आणि माझं वय एकच. माझ्या खुर्चीवर उशी आहे.

आमचं घर रिंगरोडला आहे. अजून रोज सकाळी टोळ्यांचे ट्रक जातात, सोलापूरच्या दिशेनं. माळवस्तीचा ट्रक केव्हाच पुढं गेलाय, हे मला कळतं. तरी गॅलरीत उभी राहते आणि सामानावर बसलेली माणसं बघत राहते. कुठं मांडीत बाळ घेतलेली म्हातारी दिसली की हात करते. परवा एकीनं उलट हात केला. मुलगा मागून म्हणाला, "आई, कोण होतं ते?"

"माहीत नाही," मी म्हटलं, "पण थंडी वाजत असेल तिला." आणि ट्रक वळेपर्यंत आत आले नाही.